गाडीला हात लावू नये

प्रिय अनंता,

परवा बोलता बोलता फोन बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे, मी ठेवला. तू ओरडत होतास म्हणूनही नाही. तुझं ओरडणं बरोबरच होतं. गाडी विकून टाक म्हणून श्रावण संपल्यापासून मीच तुझ्या मागे लागले. तू तिकडे बंगळुरात बसून गिऱ्हाईक शोधलंस, देण्याआधी गाडी जरा चकचकीत व्हावी म्हणून डिटेलिंगवाल्याला घरी पाठवलंस, आणि त्या माणसाला मी चहा पाजून परत लावून दिलं. वर कारण विचारलं तर गप्प. कुणीही चिडेल. पण ते कारण फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्येच "बरं, मग?" म्हणतोस आणि माझं पुढचं सगळं राहूनच जातं. पत्रात तुला तसं म्हणता येणार नाही, म्हणून कागद घेतला. शिवाय जन्मभर पोस्टात काढलेल्या माणसाच्या घरातून एखादं तरी पत्र तिकीट लावून जायला हवं.

गाडी घेतली तो दिवस तुला आठवत असेलच, तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. तू खास रजा काढून आला होतास. रंगावरून वादाला आधीच सुरुवात झाली होती. गडद निळ्यावर ओरखडे लगेच दिसतात, पांढरी घ्या, असं तू म्हणालास, तर बाबा म्हणाले, "पांढरी घेऊन काय करू, प्रवासी शोधू?" पण ते हसून म्हणाले होते. शोरूममध्ये मी पूजेचं ताट मांडलं, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. स्वस्तिक मी काढणार होते. बाबांनी कुंकू कालवलेली वाटी माझ्या हातून घेतली आणि तुझ्यापुढे धरली. "तू काढ. पुढे चालवायची तुलाच आहे." एवढं मऊ बोललेले ते मला फारसे आठवत नाहीत. तू बॉनेटवर वाकून स्वस्तिक काढलंस, लहानपणी पाटीवर काढायचास तसंच, एक हात जरा आखूड. मग टिंबं द्यायला लागलास. तीन दिलीस, आणि तेवढ्यात तो टायवाला मुलगा आला, "सर, पेंट प्रोटेक्शनचं काय करायचं?" चौथं टिंब राहिलं ते राहिलंच.

त्या टायवाल्याचं काय चुकलं म्हणा, त्याचं ते कामच. पण तू एकदम उसळलास. हे लोक तासाभरात बाटलीतलं काहीतरी फासतात आणि मोठं नाव सांगतात, त्यापेक्षा बाहेर खडकवासल्याच्या रस्त्याला एक डिटेलिंगवाला आहे, त्याच्याकडे नेऊ, तो गाडी दोन दिवस ठेवून घेतो, आधी नीट धुतो, मशीननं पॉलिश करतो आणि मग कोटिंग चढवतो, रंग टिकतो तो असा, असं तू समजावत होतास. समजावत कसला, शिकवत होतास. बाबांचं म्हणणं एकच, की कंपनीच्या कागदावर शिक्का असतो, बाहेरच्याला कुठे धरायचं? पोस्टातल्या माणसाला शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य, हे तुला माहीत नव्हतं का? तरी तू त्या मुलासमोर म्हणालास, "बाबा, तुम्हाला कुणीही गंडवतं." बाबांचा चेहरा मी पाहिला. तू पाहिला नाहीस, नाहीतर थांबला असतास. मग तेही म्हणाले, "गाडी माझी आहे. तू हात लावू नकोस." तू बोटाचं कुंकू रुमालाला पुसलंस, रिक्षा बोलावलीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलास. मी नारळ हातात घेऊन उभी. तो शेवटी त्या टायवाल्यानंच फोडला.

पुढचं तुला माहीत नाही. बाबांनी ते प्रोटेक्शन करून घेतलंच, हट्टानं, आणि तेही स्वतःसमोर. प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि गाडीपुढे बसले. कामाला आलेल्या माणसानं आधी बॉनेट पुसायला फडका उचलला, तर हे कडाडले, "ते पुसायचं नाही. कडेकडेनं लावा." त्यानं बिचाऱ्यानं सांगून पाहिलं, साहेब, कुंकू रंगात उतरतं, खाली डाग राहील, वरून काही लागणार नाही. "राहू दे," म्हणाले. त्यानं स्वस्तिकाच्या आणि टिंबांच्या कडेकडेनं, अगदी रांगोळी भरावी तसं ते औषध लावलं. माझ्या मनात आलं, देवाधर्माचं यांना एवढं कधीपासून? सकाळी मी पूजा करत असताना शेजारी बसून पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचणारा हा माणूस. पण त्या दिवशी विचारायची सोय नव्हती. कुंकू पुढे कितीतरी दिवस उन्हात तसंच राहिलं आणि मग डागही न ठेवता आपसूक उडून गेलं.

गाडी घरी आली आणि आमच्या सोसायटीला पाटी मिळाली. कव्हरवर सुतळीनं बांधलेली, त्यांच्या त्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात: "गाडीला हात लावू नये. लावल्यास कारण लेखी द्यावे." सगळं कर्वेनगर हसलं. तळमजल्यावरच्या हिंदुरावांनी खरंच एक अर्ज लिहून दिला होता, "मांजर बसले होते, हाकलण्यासाठी हात लावला." बाबांनी तो 'मंजूर' शेरा मारून परत केला. मलासुद्धा दार उघडायची परवानगी नव्हती, आतून तेच उघडून देत. कोरड्या फडक्यानं पुसायचं नाही, रंगावर ओरखड्यांची गोल गोल जाळी पडते, असं मला सांगत. हे तूच त्यांना फोनवर कधीतरी सांगितलं होतंस, गाडी घ्यायच्याही आधी. तुझं नाव न घेता तुझी वाक्यं मला ऐकवायचे, आणि मीही कळलं नाही असं दाखवायची.

रोज सकाळी चहा झाला की तांब्या भरून खाली जायचे. कव्हर दुमडायचे, बॉनेटवर पाणी ओतायचे आणि नुसते उभे राहायचे. धुणं नाही, पुसणं नाही, उभे. मी गॅलरीतून बघायची, मला त्यांची पाठ तेवढी दिसायची. पाणी वाळलं की कव्हर घालून वर यायचे. हिंदुराव म्हणायचे, "काय दीनानाथराव, झाला का अभिषेक?" एरवी हिंदुरावांना तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. यावर बाबा नुसता तांब्या उचलून जिन्याकडे वळत. मी विचारलं, तर म्हणाले, "कोटिंग तपासतो." रोज? तर म्हणे, रोज. मला वाटलं, वय झालं. खरं सांगते, मला त्या तांब्याची भीती वाटायला लागली होती. तुझे फोन यायचे ते माझ्या मोबाइलवर, बाबा कसे आहेत हे तू मला विचारायचास, आणि फोन ठेवला की ते शेजारच्या खोलीतून विचारायचे, "झालं बोलून?" एवढंच. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. तुला बोल लावत नाहीये रे. तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून मीही दमले होते, एवढंच सांगते.

श्रावणात ते गेले. तू आलास, सगळं व्यवस्थित केलंस, तेराव्यानंतर परत गेलास. गाडीकडे तू वळूनही पाहिलं नाहीस, ते मी पाहिलं. मग मी एकटी झाले आणि मला पार्किंगमधून जायचं होईना. जिन्याशी आलं की वाटायचं, ते उभे आहेत. एकदा धीर करून जवळ गेले आणि कव्हरला हात लावला, तर बॉनेटवर तेवढं ओलं. पाऊस नाही, बाकी कव्हर कोरडं, आणि नेमकं तिथेच ओलं, जिथे ते पाणी ओतायचे. मी वर पळाले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी ओलंच. अनंता, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण त्या दिवसांत मी त्यांचा तो तांब्या पालथा घालून ओट्याखाली दडवून ठेवला होता. मग भाजी आणायलासुद्धा हिंदुरावांच्या सुनेला सोबत घेऊन उतरायची. म्हणून तुझ्या मागे लागले, की वीक ती गाडी, मला ती डोळ्यांसमोर नको. पार्किंगची जागा अडते, असं काहीतरी तुला सांगितलं. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती.

आता परवाचं. तू पाठवलेला माणूस आला तो सर्जेराव. तुला तो फोनवरूनच माहीत, म्हणून सांगते. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांची भातशेती होती, तिथे बिल्डरनं टॉवर उभे केले, आणि उरलेल्या तुकड्यावर यानं डिटेलिंगची शेड टाकली आहे. गळ्यात ही जाड साखळी, बोटात अंगठ्या, काम करताना मात्र सगळं उतरवून खिशात ठेवतो. त्यानं पाटी वाचली, हसला, कव्हर ओढलं आणि एकदम थांबला. "काकू, ही गाडी माझ्या वळखीची हाय. काका आल्ते की आपल्याकडं. दोनदा." मला वाटलं, चुकतोय हा. तुझ्या डिटेलिंगवाल्याकडे बाबा कशाला जातील? काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला ते ओलं दाखवलं. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "पाइप गळतोय वरचा." झालं. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते तो वरच्या मजल्याच्या मोरीचा पाइप. मला हसू आलं आणि लगेच रडूही. मग तो म्हणाला, थांबा, तुम्हाला एक दाखवतो, आणि बादलीतलं पाणी बॉनेटवर ओतलं.

सगळ्या बॉनेटवर पाण्याचे मणी झाले, टपोरे, एकमेकांना न चिकटणारे. फक्त मधे पाणी सपाट बसलं. आणि त्या सपाट पाण्याचं स्वस्तिक होतं. एक हात आखूड. तीन टिंबं. कोरड्या गाडीवर काही दिसत नाही, पाणी पडलं की उमटतं, वाळलं की जातं. जिथे तुझं बोट फिरलं तिथे त्या शोरूमवाल्याचं औषध लागलंच नाही ना, म्हणून. बाबांची पाठ तेवढी मला दिसायची म्हटलं ना, ते बघत काय उभे राहायचे ते मला त्या क्षणी दिसलं.

सर्जेरावनं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. "पयल्यांदा आले तवा म्हणाले, माझा मुलगा सांगत होता ते बरोबर होतं, सगळी गाडी नीट करा, पण येवढं सोडून. मी म्हणलं, काका, तसं न्हाई जमायचं. पॉलिश मारलं की वरचा पापुद्रा जातोय, ह्ये बी जाणार. मधलं सोडलं तर ठिगळावानी दिसंल. ते म्हणाले, म्हणजे पाण्यात दिसणार नाही? म्हणलं, काय बी दिसायचं न्हाई, नव्यावानी होईल. तर चहा न घेता गेले बघा." गेल्या दिवाळीच्या आधी पुन्हा गेले होते, पुन्हा तेच विचारलं, काही युक्ती निघाली का म्हणून. निघाली नव्हती. तुझं बरोबर होतं हे त्यांनी तिथे जाऊन कबूल केलं, अनंता, परक्या माणसापाशी, शेडमध्ये उभं राहून. तुला सांगायला तेवढं जमलं नाही. आणि तू सांगत होतास तसं गाडीचं केलं नाही ते तुझ्यावरच्या रागानं, असंच तू आणि मी समजून बसलो.

सर्जेरावला मी परत पाठवलं त्याचं कारण एवढंच, आणि पत्र लिहायचं कारण त्याच्या पुढचं आहे. निघताना त्यानं सांगितलं, की दुसऱ्या खेपेला बाबा गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "मुलानं काढलंय ते. तो आला की त्याला दाखवीन. पुसायचं तर त्यानंच पुसायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही." मी तुला गाडी ठेव म्हणत नाही. विकायची तर वीक, गिऱ्हाइकाला शब्द दिला आहेस तो पाळ, सर्जेरावही बोलावशील तेव्हा येईल, आणि या वेळी मी त्याला अडवणार नाही. पण बंगळुरातून फोनवर ते पुसून घेऊ नकोस. तांब्या मी ओट्याखालून काढून घासून ठेवला आहे, आणि पाटी आज सकाळी मीच सोडली. तू ये. एकदा पाणी ओतून बघ, आणि मग गाडीला हात लाव.

तुझीच,
आई