शामरावचा डबा

समुद्रपूर. मंगळवार, दिवेलागण.

शेजारच्या शामरावच्या तेरवीला जाऊन आलो. जेवण काही झालं नाही.

पंगतीत नातीने शामरावच्या फोटोकडे बघत हळूच विचारलं, "आबा, तुम्ही यायले माणूसघाणा काऊन म्हणत होते जी?"

मी शब्द फोडून सांगितला. माणसांची ज्याला घाण वाटते, तो. शामराव कधी कुणाच्या पंगतीत बसला नाही. डबा पुढे करायचा, वाढून घ्यायचा आणि चालायला लागायचा. ते नाव मीच ठेवलं, भर पंगतीत. सगळे हसले होते. तोही हसला का? आठवत नाही.

वाढायला आलेल्या त्याच्या बहिणीने ऐकलं. "उलटं होतं, भाऊ. त्याच्या पायाची जखम वाहत राहे, वास मारे. म्हणे, लोकाईच्या घासाजवळ कसा बसू?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत. एकदाही विचारलं नाही मी, काऊन रे बाबा.

समोर फोटोपुढे त्याच्या नावाची पत्रावळ वाढलेली. मला बसवेना. भरल्या पानावरून उठलो. बहीण रागावली नाही. म्हणाली, "घरी नेऊन खाजा," आणि डबा भरून दिला.

त्याचाच डबा. समोर आहे. झाकण उघडवत नाही.