वीस माणसांचं टेबल

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. आज लिहितेय, कारण तुम्ही मला चांगलंच अडकवून गेला आहात. काल बैरूतहून नादीनचा फोन आला, तुमच्या मॅडमची मुलगी. ती एका लग्नासाठी मुंबईला येतेय आणि रविवारी तिला आपलं घर बघायचंय. म्हणाली, "तुझे बाबा सांगायचे, घरी वीस माणसांचं टेबल आहे." नाहूरच्या वन रूम किचनमध्ये? एवढी मोठी थाप मारलीत तरी कशी?

अर्थात, कळतं मला. अठरा वर्षं मॅडमच्या त्या डोंगरावरच्या बंगल्यात तुम्ही स्वयंपाक केलात. हिऱ्यांनी मढलेल्या बायका, मंत्री, बँकवाले, सगळे रविवारी दुपारी जेवायला बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. टेबलाचं लाकूड जरा दिसलं की मॅडमचा चेहरा पडायचा आणि तुम्ही धावत आणखी दोन बशा आणून ती जागा भरायचात.

परत आलात ते तोच थाट घेऊन. आपल्या एवढ्याशा टेबलावर काबुली चण्यांचं हमस आणि शेजारी कोंबडी-वडे! मजल्यावरचं कोणी पेपर मागायला आलं तरी जेवूनच जायचं. मी कोणाला "चहा घेणार का?" विचारलं की मला आत ओढून दटावायचात, "पावण्याक विचारूचा नसता गो. हाडून पुढ्यात ठेवूचा."

मग माझं लग्न ठरवायला सासरची मंडळी आली. बैरूतमध्ये पाहुण्याची पहिली दोन 'नको' लाजेची, तिसरं खरं. हे सासूबाईंना कुठून माहीत असणार? त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तरी तुम्ही बाजूने खिमा वाढलातच. त्या रागावून भर जेवणात उठल्या. सगळे गेल्यावर मी ओरडले, "बाबा, हे नाहूर आहे. इथे तुम्ही कोणाचे आचारी नाही."

तुम्ही फक्त "बरां" म्हणालात.

तरीही लग्न झालं, मी मुलुंडला गेले. त्यानंतर तुम्ही कोणालाच जेवायला बोलावलं नाहीत. आई आधीच गेलेली. सहा वर्षं एकटे जेवलात. मुलुंडहून नाहूर एकच स्टेशन, बाबा. येऊन माफी मागायला मला काय झालं होतं?

नादीनला खरं सांगणार होते, तेवढ्यात तिने विचारलं, "आता त्या टेबलावर कोण जेवतं?" मला रडू फुटलं. "रविवारी ये" म्हणून फोन ठेवला.

आज सकाळी नाहूरला आले, कुलूप काढलं आणि मजल्यावरची दारं वाजवली. साळवीकाकी म्हणाल्या, "अगं, विचारतेस काय? तुझ्या बाबांनी काय कमी खाऊ घातलंय आम्हाला? ने आमचं टेबल." पाच घरांची टेबलं पॅसेजमध्ये एका ओळीत लावणार आहोत. उंची जुळत नाही, खाली पुठ्ठे सारावे लागतील. सासूबाईही येतायत.

तुमची थाप सांभाळेन, असं वचन द्यायला बसले होते. पण ते नको. सगळे जेवायला बसले की मी नादीनला सांगणार आहे की बाबांकडे एवढं मोठं टेबल कधीच नव्हतं. जे होतं त्यावर ते सगळ्यांना जेवू घालत, आणि ते मी बंद पाडलं. तुम्हाला एकट्याला गाठून बोलायला मला जमलं नाही. आता वीस माणसांसमोर बोलेन.

तुमची,
सुजाता