भाइटीकेच्या दिवशी नव्वदावा दिवस

पाल्पा, २५ आश्विन

चि. टेकेन्द्र यास,
दिदीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं, त्यातली दोन तिथल्या कोबीच्या लोणच्यावर! रहिवासी कार्डाबद्दल मात्र एकच ओळ : ‘काढतो, वेळ आहे अजून.’ कोरियात उतरल्यापासून नव्वद दिवसांत परक्या माणसानं नाव नोंदवायचं, नाहीतर परत पाठवतात, हे तूच कळवलंस ना? मी बोटांवर मोजलं. नव्वदावा दिवस नेमका भाइटीकेचा, आपल्या भाऊबीजेचा येतो. परीक्षेच्या सकाळी पुस्तक उघडणारा तू, त्याच दिवशी जाशील याची मला खात्री आहे.

थट्टा राहू दे. थोरला हस्तदाइही मलेशियातून ‘काढतो, काढतो’ असंच लिहायचा. त्याची पत्रं थांबली, तेव्हा तिथल्या कुठल्याच वहीत त्याचं नाव सापडेना. मग शोधायचं कुठं? नऊ वर्षं झाली. त्याच्या वाट्याची माळ मी अजून ओवते आणि दारावर टांगते. दुसरी माळ मला दारावर टांगायची नाही, एवढं ध्यानात ठेव.

सोबत टीकेच्या सात रंगांच्या पुड्या, मोहरीचं तेल, मखमली फुलांची माळ आणि अक्रोड पाठवते. मुहूर्त तुमच्या घड्याळात दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचा. मी इथं तुझ्या फोटोला टीका लावीन, तू तिथं स्वतःला लाव. आधी डोक्याला तेल. अक्रोड उंबऱ्यावर फोड, यमाची वाट त्यानंच अडते.

माझा लोभ आहेच, पण कार्ड निघाल्याशिवाय तो वाढायचा नाही.
तुझी दिदी,
दिलकुमारी

गिम्पो, २८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दिदीस,
टेकेन्द्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. कारखान्यातून सुट्टी मिळाली ती नेमकी नव्वदाव्या दिवशीच, आणि कचेरीत माझा नंबर यायची वेळ साडेतीनची. मुहूर्त चुकवला तर तू जन्मभर बोलशील, म्हणून पुड्या खिशात घालूनच गेलो. तीनला कचेरीच्या मोरीत शिरलो. आरशात बघून तेल लावलं, सात ठिपके काढले, माळ घातली आणि अक्रोड टाचेखाली फोडला. त्या आवाजानं पहारेकरी धावत आला. मी हात जोडले, तर तो घाबरून दोन पावलं मागे गेला.

खरी गंमत पुढं. तिथं दहाही बोटांचे ठसे घेतात. माझी बोटं तेलानं माखलेली, वर लाल-हिरवा रंग. यंत्र एकही ठसा घेईना. दोनदा साबणानं धुऊन आलो, तरी तेच. कचेरी बंद व्हायला वीस मिनिटं उरली. दिदी, तेव्हा मला हस्तदाइ आठवला.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हे काय लावलंय. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणालो, बहिणीनं लावलंय, मरण येऊ नये म्हणून. बहीण कुठाय म्हणाल्या. नेपाळात म्हणालो. मग लावलं कुणी? मीच! बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीतले उठून बघायला आले. मग त्यांनी ओल्या फडक्यानं माझं एकेक बोट पुसलं, लहानपणी जेवायच्या आधी तू पुसायचीस तसंच, जरा रागानं. दहावा ठसा उमटला आणि घंटा वाजली.

कार्ड काल हाती आलं. दोन्ही बाजूंची प्रत सोबत आहे. फोटो स्टुडिओतला आहे, त्यात कपाळ कोरं दिसेल. रागावू नकोस.

आता तरी लोभ वाढवावा.
तुझा भाइ,
टेकेन्द्र

पाल्पा, ४ पौष

चि. टेकेन्द्र यास,
दिदीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्डाची प्रत पोचली. फोटोत तू कोंबडी चोरताना धरला गेल्यासारखा दिसतोस, ते असो. त्या बाईंना माझ्या वतीनं एक माळ नेऊन दे. माझं अर्धं काम त्यांनीच केलं.

प्रत दुकानातून आणखी दोनदा काढून आणली. एक ट्रंकेत ठेवली, एक आईच्या उशाशी. आईला अक्षर वाचता येत नाही, पण दुपारभर ती त्यावरून बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, थोरल्याचं असं एक चिटोरं असतं तर मी चालत गेले असते.

तुझ्या कार्डाचा नंबर मी पाठ केलाय, पत्त्यासकट. पुढच्या भाइटीकेला अक्रोड फोडताना यमाला तोच म्हणून दाखवणार आहे. म्हणजे त्यालाही कळेल, या भावाची नोंद आहे आणि विचारायला मी येईन.

लोभ वाढवला आहे, वापरून संपवू नकोस.
तुझी दिदी,
दिलकुमारी