तेलाचा हात नको

मुक्काम बडोदे

चि. मार्तंडास आईचे पोटभर आशीर्वाद.

अरे, लिहिता मला येत नाही आणि पत्र टाकायला विसरतोस तू! हे पत्र तुझीच लेक विनू लिहिते आहे.

बागलीचं स्थळ थांबलंय, विनूची नोकरी सोडवून तिला देवासला घेऊन ये, म्हणून तू मला इथे धाडलंस. (इथे तिचा हात थांबला. मी म्हटलं, लिही पुढे.)

काल युनिव्हर्सिटीत तिचा वर्ग पाहिला. किडीने खाल्लेले जुने कागद धुऊन सांधायला शिकवते. एका मुलीच्या हातून ओला कागद फाटला, ती रडकुंडीला आली. विनू ओरडली नाही. “हात सैल सोड गं,” म्हणाली आणि तिच्याकडूनच तो सांधून घेतला. घरी रोज दूध उतू घालवणारी ती हीच का रे?

तेव्हा ती येत नाही. बागलीकरांना थांबायचं तर थांबतील.

तुझा खोकला कसा आहे? सूनबाईला सांग, विनू वाळली आहे, पण हसते भरपूर.

मीही संक्रांतीपर्यंत इथेच. शेव पाठवू नकोस, तेलाच्या बोटांनी इथे कागदाला शिवू देत नाहीत. फुटाणे पाठव, आणि अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे पाठव.