टेप चालू ठेवण्याबाबत

मी, पुंजाराम चिमाजी विधाते, वय वर्षे ७३, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र फार दिवस काढणार नाही, असे त्याच डॉक्टरांनी तोंडावर सांगितले.

१. राहते घर व ओसरीतले दुकान पत्नी सौ. सिंधुबाई हयात असेपर्यंत तिच्या वहिवाटीस राहील, नंतर मुलगा समाधान याचे. समाधान पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीस आहे. त्याने व सूनबाई प्रतिभाने इथे येऊन राहावे. सिंधुबाईला तिकडे नेऊ नये.

२. हत्यारे समाधानला देऊ नयेत, त्याला सोल्डरिंग कधी जमले नाही. प्रतिभाला द्यावीत, तिचा हात स्थिर आहे.

३. सिंधुबाईला चार वर्षांपासून अल्झायमर आहे. आमचा फुलांचा मळा विकून वीस वर्षे झाली, तरी फुलबाजारात जायचे म्हणून ती दाराची कडी काढते. दार उघडले की माझ्या उशाशी बेल वाजते, तशी जोडणी मी केली आहे. ती बेल यापुढे समाधानने आपल्या उशाशी घ्यावी. गोळ्यांसाठी गजराच्या घड्याळाला टेपरेकॉर्डर जोडला आहे. दिवसातून तीनदा माझा आवाज सांगतो, “अगं, गोळी घे. मी इथंच आहे.” पहिले वर्षभर मी स्वतःवर फार खूश होतो.

४. चूक तिथेच झाली. गेल्या दिवाळीपासून ती टेपला ओळखते, मला नाही. एकदा जेवायला बसलो तर म्हणाली, “बाबा, तुम्ही निघा आता. आमचे मालक आत हायेत, त्यांना परका माणूस घरात चालत नाय.” टेप बंद करून पाहिला. तीन दिवस तिने गोळी घेतली नाही, धड जेवली नाही, मी समोर असताना मलाच घरभर शोधत राहिली. चौथ्या दिवशी टेप चालू केला आणि माझी खाट दुकानात टाकली. फार वाईट वाटते. रागही येतो, पण काढणार कुणावर?

५. माझ्यामागे तिचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत. थोरली बहीण भिमाबाई हिने यात पडू नये. वडील गेले तेव्हा आईच्या बांगड्या हिनेच दगडाने फोडल्या, ते मी विसरलेलो नाही. माझे प्रेत दुकानाच्या दाराने न्यावे. सिंधुबाईला काही सांगू नये. सांगितले तर ती रडेल, विसरेल, पुन्हा विचारील, आणि रोज नव्याने विधवा होईल.

६. टेपच्या सहा प्रती ट्रंकेत आहेत. एक झिजली की दुसरी लावावी. पुढे ती हा आवाजही विसरेल, असे डॉक्टर म्हणतात. त्यावर माझ्याकडे जोडणी नाही. टेप वाजूनही ती तिकडे पाहीनाशी झाली, की समाधानने तो बंद करावा आणि मग रामकुंडावर माझे दहावे घालावे. त्याआधी घालू नये.

वरील मजकूर वाचून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) पुंजाराम चिमाजी विधाते

साक्षीदार:
१. (सही) यादव मंगळू तिडके, शेजारी
२. (सही) ललित दिनेश शिरसाठ, औषध दुकानदार

स्थळ: नाशिक
दिनांक: १९ जून २००३