निळ्या रंगाखालचं नाव

भागवतदादा,

मासेमारीसाठी मी नेवाशाच्या पुंजारामकाकांकडून जुनी होडी घेतली. काल तिचा निळा रंग खरवडला, तर फळीवर अण्णांनी कोरलेलं आईचं नाव निघालं.

सहा वर्षांपूर्वी तूच रडत सांगितलं होतंस, "होडी धरणात बुडाली, अण्णाबी गेले." त्यांचं प्रेतही सापडलं नाही.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "राहुरीच्या भागवतनं इकली मला. लई घाईत हुता."

आई होडी बघायला येतेय आणि मी त्या नावावर पोतं टाकून बसलेय. दादा, होडी बुडालीच नव्हती, मग अण्णांचं काय झालं? तुझ्या उत्तराची इतकी भीती वाटते, की हे पत्र मी टाकणारच नाही.

तुझी धाकटी बहीण,
सुकन्या