आतून उघडणारं दार

अप्पा, मी बर्फाच्या देशात शिकायला निघाले आहे. उत्तर ध्रुवाजवळचं एक बेट आहे. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, आणि अस्वलं फिरतात म्हणून विद्यार्थ्यांना आधी बंदूक धरायला शिकवतात. बंदुकीचं आईने हसून सोडून दिलं. थंडीचं नाव निघालं तशी मात्र ती ताटावरून उठली. "बेडा, नको. एकाला थंडीनं नेलं, तेवढं साकु, पुरे."

तुम्ही इथे म्हैसुरात, हेब्बाळच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतगृह सांभाळायचात. एकदा उन्हाळ्यात जेवणाच्या डब्यातून बर्फाचा खडा घेऊन आलात. तो वितळायला लागला तशी मी रडले, आणि तुम्ही रागावलात, "रडतेस काय? कसा वितळतो ते बघ ना!" मी बघत बसले. आजही तेच शिकते आहे. मग ती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आयुधपूजा. मशिनांना झेंडूच्या माळा घालून, कोहळा फोडून सगळे कंपनीच्या बसने घरी गेले. तुम्ही शेवटचं एकदा आत डोकावायला गेलात आणि मागे दार लागलं. आतून उघडायची कडी मोडली होती. तुम्ही तसं साहेबांच्या कानावर घातलंही होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी, सगळं गाव बन्नीमंटपाच्या मैदानात दसऱ्याच्या मशाली बघायला गेलेलं असताना, तुम्हाला घरी आणलं. मी तुमच्या गालाला हात लावते आहे आणि आई माझा हात ओढून घेते आहे.

गेल्या आठवड्यात मला उसना आणलेला जाड कोट घालून पाहायचा होता. म्हैसुरात तेवढी थंडी कुठून आणणार? ओळखीच्या एका शीतगृहवाल्याने आत उभं राहू दिलं. आई न बोलावता सोबत आली. दार लागलं तशी ती बाहेरून थापा मारू लागली. त्या जाड दारातून त्या फार लांबून आल्यासारख्या वाटत होत्या. मी बाहेर आले तेव्हा तिचे तळवे लाल झाले होते. मग चपला काढून, अंगावरच्या साडीनिशी ती स्वतःच आत गेली. भिंतीला हात लावून म्हणाली, "असंच झालं असेल का गं त्यांना?" बाहेर येऊन तिने पदर सारखा केला. "तिथली दारं कशी असतात ते विचार आधी."

विचारलं. तिथे म्हणे दारांना कुलूप लावत नाहीत. अस्वल मागे लागलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. आईला ते सांगितलं. "मग जा," एवढंच म्हणाली, आणि आत्ता शेजारच्या खोलीत माझ्या लोकरी मोज्यांच्या घड्या घालते आहे.

हे मी कुठल्या पत्त्यावर पाठवू? तिला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे, अप्पा. त्या शीतगृहात आतून कडी होती, चांगली चालत होती, माझा हात तिच्यावरच होता. आईच्या थापा ऐकू येत असूनही मी ती लगेच ओढली नाही. तुम्हाला हाक मारली, आणि थोडा वेळ थांबले.